कॅथलिक माध्यमिक शाळेतील धर्मशिक्षणाची उद्दिष्टे : एक चिकित्सक अभ्यास

गोषवारा

कॅथलिक शाळेतील धर्मशिक्षणाचे उद्दिष्ट कोणते, या प्रश्नाला ख्रिस्तसभेच्या अधिकृत दस्तऐवजांनी १९६५ पासून दिलेली उत्तरे एकसारखी नाहीत. १९७७ च्या दस्तऐवजात ख्रिस्ताप्रति संपूर्ण समर्पणावर भर आहे, तर १९८८ च्या दस्तऐवजात शाळेचे उद्दिष्ट ज्ञान हे असल्याचे नमूद केले आहे. भारतातील अनेक कॅथलिक शाळांत या तासिकेला कॅथलिक व अकॅथलिक विद्यार्थी वेगळे बसतात. या विभागणीमुळे हा फरक व्यवहारात पुसला जातो, अशी प्रस्तुत लेखाची मांडणी आहे. ज्या उद्दिष्टाची पूर्तता तपासण्यासाठी विद्यार्थ्याची श्रद्धा तपासावी लागते ते शालेय तासिकेचे उद्दिष्ट असू शकत नाही, हा निकष येथे सुचविला आहे व त्याच्या मर्यादांचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : धर्मशिक्षण, श्रद्धाशिक्षण, ध्येय, उद्दिष्ट, अनुच्छेद २८, मूल्यशिक्षण, कॅथलिक शाळा.

१. प्रस्तावना

भारतातील कॅथलिक शाळांचा विचार आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होतो. एक, त्यांच्या शैक्षणिक दर्जाचा. दुसरे, अल्पसंख्याक संस्था म्हणून त्यांना असलेल्या घटनात्मक अधिकारांचा. या शाळांच्या आठवड्याच्या वेळापत्रकात एक-दोन तासिका व्यापणारा ‘धर्म’ हा विषय नेमका कशासाठी शिकवला जातो, याची शिक्षणशास्त्रीय चिकित्सा मात्र क्वचितच होते. शालान्त परीक्षेत त्याला गुण नाहीत, त्यामुळे पालक त्याविषयी विचारीत नाहीत. आणि तो धर्माचा विषय आहे, त्यामुळे प्राध्यापकवर्ग त्यात शिरत नाही.

वस्तुतः माध्यमिक स्तरावर हा प्रश्न अधिक गंभीर होतो. प्राथमिक शाळेतील मूल प्रार्थना पाठ करते, चित्रे रंगवते, गोष्ट ऐकते. आठवी ते दहावीच्या वयातील विद्यार्थी कारण विचारू लागतो. ज्याच्या घरी श्रद्धेची परंपरा आहे त्याला त्याच वयात पहिल्या शंका येतात. ज्याच्या घरी ती परंपरा नाही, तो रोज क्रूसासमोरून वर्गात जातो आणि त्या चिन्हाचा अर्थ विचारण्याची जागा त्याला सापडत नाही. या दोघांना ही तासिका काय देते, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

लेखात दस्तऐवजांच्या चिकित्सक वाचनाची पद्धती वापरली आहे. प्रथम संज्ञा निश्चित करून ख्रिस्तसभेचे प्रमुख दस्तऐवज व भारतीय घटनात्मक चौकट तपासली आहे. त्यानंतर शालेय व्यवहाराचे विश्लेषण करून उद्दिष्टांच्या पुनर्मांडणीचा विचार केला आहे.

२. संज्ञांची स्पष्टता

‘धर्मशिक्षण’ हा शब्द मराठीत दोन वेगळ्या कृतींसाठी वापरला जातो. वसईच्या धर्मग्रामांत रविवारच्या वर्गाला धर्मशिक्षण म्हणतात आणि शाळेच्या वेळापत्रकातील तासिकेलाही धर्मशिक्षणच म्हणतात. पहिल्या ठिकाणी श्रद्धावंतांचा समुदाय आपल्या मुलांना श्रद्धेत वाढवतो. स्नानसंस्कार झालेल्या मुलाला प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी व दृढीकरणासाठी तयार करतो. दुसऱ्या ठिकाणी हजेरीपट, घंटा, पाठ्यपुस्तक आणि प्रश्नपत्रिका असलेली शाळा एक विषय शिकवते. प्रस्तुत लेखात सोयीसाठी पहिल्या कृतीला ‘श्रद्धाशिक्षण’ आणि दुसरीला ‘धर्माध्ययन’ असे म्हटले आहे.

आपल्या अध्यापकविद्यालयांत रूढ असलेली आणखी एक जोडी येथे उपयोगी पडते : ध्येय आणि उद्दिष्ट. ध्येय हे दूरचे, व्यापक आणि दिशादर्शक असते. ते एका तासिकेत किंवा एका वर्षात गाठले जाईल अशी अपेक्षा नसते. उद्दिष्ट हे जवळचे, निश्चित आणि तपासता येण्याजोगे असते. म्हणूनच पाठटाचणात उद्दिष्टापुढे त्याची स्पष्टीकरणे लिहावी लागतात. धर्मशिक्षणाविषयीचा बराचसा गोंधळ ध्येयालाच उद्दिष्ट समजल्यामुळे उद्भवतो, हे पुढील विवेचनातून स्पष्ट होईल.

३. दस्तऐवजांतील उद्दिष्टांचा प्रवास

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीची घोषणा प्रसृत केली. स्वातंत्र्य व प्रेम यांच्या शुभवर्तमानी भावनेने भारलेले वातावरण निर्माण करणे हे कॅथलिक शाळेचे वैशिष्ट्य म्हणून या घोषणेत सांगितले आहे. जेथे ख्रिस्तसभा नव्याने रुजली आहे अशा प्रदेशांतील, अकॅथलिक विद्यार्थीही शिकत असलेल्या शाळांचा उल्लेख घोषणा आपुलकीने करते. विशेष लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, त्याच दिवशी परिषदेने अन्य धर्मांशी असलेल्या संबंधांविषयीची घोषणाही प्रसृत केली आणि तीत हिंदू, बौद्ध, इस्लाम व यहुदी परंपरांचा आदरपूर्वक निर्देश केला. शिक्षणाविषयीचा आणि अन्य धर्मांविषयीचा असे हे दोन विचार एकाच दिवशी जन्मले; पण शाळेच्या वर्गात त्यांची गाठ कशी घालायची, याचे उत्तर दोहोंपैकी एकाही घोषणेत नाही.

ते उत्तर देण्याचा प्रयत्न व्हॅटिकनच्या कॅथलिक शिक्षणविषयक विभागाने १९७७ साली ‘कॅथलिक शाळा’ या दस्तऐवजात केला. धार्मिक शिक्षण व इतर शिक्षण यांतील मूलभूत फरक सांगताना येथे असे म्हटले आहे की, धार्मिक शिक्षण केवळ बौद्धिक संमतीवर थांबत नाही. संपूर्ण व्यक्तिमत्त्वासह ख्रिस्ताला समर्पित होणे हे त्यात अभिप्रेत आहे. श्रद्धाशिक्षणाचे योग्य स्थान कुटुंब व धर्मग्राम हे असल्याचे मान्य करूनही शाळेतील श्रद्धाशिक्षणाचे महत्त्व सांगावे तेवढे थोडेच, अशी या दस्तऐवजाची भूमिका आहे. म्हणजे येथे शाळेची तासिका ही धर्मग्रामाच्या वर्गाचाच विस्तार ठरते.

अकरा वर्षांनंतर, १९८८ साली, त्याच विभागाने ‘कॅथलिक शाळेतील शिक्षणाचे धार्मिक परिमाण’ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. यातील अडुसष्ट व एकोणसत्तर या परिच्छेदांत भूमिका बदललेली दिसते. धर्माध्ययन व श्रद्धाशिक्षण यांच्यात निकटचा संबंध आहे, पण स्पष्ट भेदही आहे, असे येथे म्हटले आहे. श्रद्धाशिक्षणाचे उद्दिष्ट आध्यात्मिक, उपासनाविषयक, संस्कारविषयक व प्रेषितकार्यविषयक परिपक्वता हे होय आणि ते मुख्यत्वे स्थानिक ख्रिस्ती समुदायात साधते. शाळेचे उद्दिष्ट ज्ञान हे आहे : ख्रिस्ती धर्माचे स्वरूप काय आणि ख्रिस्ती माणसे तो जगण्याचा प्रयत्न कसा करतात, याचे ज्ञान. याच दस्तऐवजाच्या सहाव्या परिच्छेदात शुभवर्तमान मांडणे आणि ते लादणे यांत फरक केला असून लादण्यात नैतिक हिंसा आहे, असा इशारा दिला आहे.

पुढे १९९७ च्या श्रद्धाशिक्षणविषयक सामान्य मार्गदर्शिकेने, शाळेतील धर्माध्ययन हा इतर विषयांइतकाच शिस्तबद्ध व काटेकोर विषय असला पाहिजे आणि त्याने इतर विद्याशाखांशी संवाद केला पाहिजे, असे सांगून ज्ञानाच्या उद्दिष्टाला बळ दिले. वर्गात श्रद्धावंत, शोध घेणारे आणि श्रद्धा न मानणारे असे तिन्ही प्रकारचे विद्यार्थी असतात, याचीही नोंद तीत आहे. २०१३ च्या आंतरसांस्कृतिक संवादावरील आणि २०२२ च्या शाळेच्या कॅथलिक अस्मितेवरील दस्तऐवजांत संवादाचा धागा आणखी पुढे नेला आहे. जे पूर्णतः कॅथलिक नाहीत त्यांना जागाच न ठेवणारी संकुचित शाळा २०२२ च्या दस्तऐवजाने अमान्य केली आहे.

हा प्रवास सरळ रेषेत झाला असे मात्र म्हणता येत नाही. १९७७ ची भूमिका कोठेही मागे घेतलेली नाही. १९८३ च्या धर्मविधी संहितेतील कलम ८०४ नुसार धर्म शिकवणाऱ्या शिक्षकाने अचूक सिद्धांत, ख्रिस्ती जीवनाची साक्ष आणि अध्यापनकौशल्य या तिन्ही बाबतींत उठून दिसले पाहिजे. गणिताच्या शिक्षकाकडून अशी साक्ष कोणी मागत नाही. तेव्हा तासिकेचे उद्दिष्ट ज्ञान आणि शिक्षकाची पात्रता साक्ष, असे द्वंद्व व्यवस्थेतच राहून गेले आहे. शाळाचालकाने यांपैकी कोणता दस्तऐवज हाती धरला यावर त्याच्या शाळेतील तासिकेचे रूप ठरते.

४. भारतीय घटनात्मक चौकट

भारतात या द्वंद्वाला कायद्याचेही परिमाण आहे. संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार संपूर्णपणे राज्याच्या निधीतून चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. त्याच अनुच्छेदाचा तिसरा खंड कॅथलिक शाळांना थेट लागू पडतो. राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याचे अनुदान घेणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण दिले जात असेल, तर कोणत्याही व्यक्तीला तिच्या संमतीवाचून, आणि ती अज्ञान असल्यास तिच्या पालकाच्या संमतीवाचून, त्यात सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही. अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिला; पण त्या संस्थेतील मुलाचे संरक्षण अनुच्छेद २८ ने केले.

येथे ‘धार्मिक शिक्षण’ म्हणजे काय हा प्रश्न निर्णायक ठरतो. कोठारी आयोगाने (१९६४-६६) विशिष्ट धर्माची तत्त्वे व आचार त्या धर्मीयांच्या दृष्टीने शिकवणे आणि धर्मांविषयी व्यापक दृष्टीने शिकवणे यांत भेद केला. पहिली गोष्ट बहुधर्मीय राज्याच्या शाळांना शक्य नाही, दुसरी मात्र आवश्यक आहे, असे आयोगाचे मत होते. सर्वोच्च न्यायालयानेही १९७१ च्या डी. ए. व्ही. कॉलेज विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात एखाद्या संताच्या जीवनाचा व शिकवणुकीचा विद्याशाखीय अभ्यास हा धार्मिक शिक्षणाहून वेगळा मानला. २००२ च्या अरुणा रॉय खटल्यातही धर्मांच्या अभ्यासाला अनुच्छेद २८ चा अडसर नाही, असा निर्वाळा दिला.

व्हॅटिकनने १९८८ साली केलेला भेद आणि कोठारी आयोगाने त्यापूर्वी दोन दशके केलेला भेद एकच नाहीत. कोठारी आयोगापुढे सर्व धर्म होते. व्हॅटिकनपुढे प्रामुख्याने ख्रिस्ती धर्म होता. तरीही धर्म हा ज्ञानाचा विषय होऊ शकतो आणि तो शिकण्यासाठी श्रद्धेची पूर्वअट लागत नाही, या मुद्द्यावर दोन्ही परंपरा एकमेकींजवळ येतात. भारतातील कॅथलिक शाळेला ही मोठीच संधी होती. ती कितपत साधली गेली, हे आता पाहू.

५. तासिकेची विभागणी व तिचे परिणाम

कॅथलिक शाळांत रूढ असलेली व्यवस्था सर्वांच्या परिचयाची आहे. विशिष्ट तासिकेची घंटा झाली की कॅथलिक विद्यार्थी धर्मशिक्षणाच्या वर्गात जातात आणि उरलेले ‘मॉरल सायन्स’ अथवा मूल्यशिक्षणाच्या वर्गात बसतात. कायद्याच्या दृष्टीने ही व्यवस्था निर्दोष आहे. कोणावरही काही लादले जात नाही, कोणाच्याही पालकाची तक्रार येत नाही. परंतु उद्दिष्टांच्या दृष्टीने पाहिल्यास ती दोन्ही वर्गांना दरिद्री करते.

कॅथलिक विद्यार्थ्यांच्या वर्गात शाळा धर्मग्रामाचेच काम दुसऱ्यांदा करते. रविवारी जे शिकवले तेच आठवड्यात पुन्हा शिकवले जाते. बहुधा प्रश्नोत्तरांच्या रूपात आणि पाठांतराच्या भरवशावर. वर्गात सारे एकाच श्रद्धेचे असल्याचे गृहीत धरल्यामुळे प्रश्न विचारणारा विद्यार्थी लगेच ‘श्रद्धेत कमी पडलेला’ ठरतो. सृष्टीच्या निर्मितीची उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा आणि विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील उत्क्रांती यांचा मेळ कसा घालावा, असे नववीतील मुलाने विचारले तर त्याला उत्तर देण्याची तयारी शिक्षकाकडे सहसा नसते. धर्माच्या अध्यापनाची स्वतंत्र पद्धती आपल्या बी.एड. अभ्यासक्रमात शिकवली जात नाही. धर्मग्रामात श्रद्धाशिक्षण देणाऱ्यांना मिळणारे प्रशिक्षण वेगळ्या हेतूने आखलेले असते.

दुसऱ्या वर्गात चित्र उलट दिसते. मूल्यशिक्षणाच्या नावाखाली वक्तशीरपणा, स्वच्छता, सत्य, आज्ञापालन यांविषयी गोष्टी सांगितल्या जातात. हेतू चांगला असतो. पण गोष्ट तिच्या मातीतून उपटलेली असते. नव्या करारातील चांगल्या शोमरोनी माणसाचा दृष्टान्त याचे उत्तम उदाहरण आहे. मूल्यशिक्षणाच्या पुस्तकात तो ‘संकटात सापडलेल्यांना मदत करावी’ या तात्पर्यावर संपतो. हे तात्पर्य खोटे नाही, पण त्यासाठी दृष्टान्ताची गरजही नाही.

हाच दृष्टान्त ज्ञानाचे उद्दिष्ट ठेवून शिकवला तर काय घडते, हे सविस्तर पाहण्याजोगे आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एक शास्त्री येशूला विचारतो की, माझा शेजारी कोण? या प्रश्नामागे सीमारेषा आखण्याची इच्छा आहे : कोणावर प्रेम करणे बंधनकारक आणि कोणावर नाही? येशू यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर लुटल्या गेलेल्या माणसाची कथा सांगतो. याजक व लेवी त्याला पाहून दुसऱ्या बाजूने निघून जातात. दोघेही मंदिराच्या सेवेशी संबंधित. थांबतो तो शोमरोनी, म्हणजे ज्याच्याशी यहुदी लोक व्यवहार टाळत त्या समाजातला. कथेच्या शेवटी येशू मूळ प्रश्नच फिरवतो आणि विचारतो की, या तिघांपैकी त्या जखमीचा शेजारी कोण झाला? शास्त्री ‘शोमरोनी’ हा शब्दही उच्चारीत नाही. ज्याने दया केली तो, एवढेच उत्तर देतो.

या वाचनात विद्यार्थी इतिहास शिकतो, भूगोल शिकतो, कथनातील वळण ओळखतो, एका शब्दाच्या अनुच्चारातील सामाजिक ताण ओळखतो. मग तोच प्रश्न तो आपल्या गावात आणू शकतो : आमच्या पाणवठ्यावर, आमच्या पंगतीत शोमरोनी कोण होता, आज कोण आहे? या प्रश्नाला कॅथलिक विद्यार्थ्याचे उत्तर कदाचित अधिक अवघड जाईल, कारण जातीची उतरंड चर्चच्या दाराशी थांबली नाही, हा भारतीय ख्रिस्ती समाजाचाही अनुभव आहे. हिंदू, मुस्लिम, बौद्ध विद्यार्थी आणि कॅथलिक विद्यार्थी एका बाकावर बसून ही चर्चा करतील तेव्हाच ती खरी होईल. विभागलेल्या तासिकेत नेमके तेच घडत नाही. प्रेमाने सीमारेषा ओलांडल्याचा दृष्टान्त आपण धर्माची सीमारेषा आखून शिकवतो, ही विसंगती केवळ वेळापत्रकाची नाही.

२०२४ च्या एप्रिलमध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने आपल्या शाळांना दिलेल्या मार्गदर्शक सूचना या पार्श्वभूमीवर स्वागतार्ह वाटतात. अन्य धर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, परिपाठात संविधानाची उद्देशिका वाचली जावी, आवारात सर्वधर्मीयांसाठी प्रार्थनेची जागा असावी, अशा त्यांतील प्रमुख सूचना आहेत. त्यांचा रोख शाळेचे वातावरण व आचार यांकडे आहे. वर्गाच्या आत, पाठ्यपुस्तक उघडल्यावर काय साधायचे आहे, हा पुढचा टप्पा उरतोच.

६. उद्दिष्टांची पुनर्मांडणी : एक निकष

शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणात बोधात्मक क्षेत्राची मांडणी ब्लूम व सहकाऱ्यांनी १९५६ साली केली आणि भावात्मक क्षेत्राची मांडणी क्रॅथवोल व सहकाऱ्यांनी १९६४ साली केली. भावात्मक क्षेत्रातील पायऱ्या ग्रहण व प्रतिसादापासून सुरू होऊन मूल्य अंगी बाणण्यापर्यंत जातात. धर्मशिक्षणाच्या पाठटाचणात बहुतेक वेळा याच शेवटच्या पायरीची भाषा आढळते : विद्यार्थी ख्रिस्तावर प्रेम करील, विद्यार्थी क्षमाशील होईल. आता ही उद्दिष्टे तपासायची कशी? लेखी उत्तरातून तपासली तर विद्यार्थी शिक्षकाला आवडेल ते लिहितो. वर्तनातून तपासली तर शाळेत दिसणारे वर्तन शिस्तीचे की श्रद्धेचे, हे कळायला मार्ग नाही. तपासलीच नाहीत तर ती उद्दिष्टे राहत नाहीत.

यातून पुढील निकष सुचविता येतो. ज्या उद्दिष्टाची पूर्तता ठरवण्यासाठी विद्यार्थ्याची श्रद्धा तपासावी लागते, ते शालेय तासिकेचे उद्दिष्ट नव्हे. ते कुटुंबाचे, धर्मग्रामाचे वा शाळेचे ध्येय असू शकते. तासिकेचे उद्दिष्ट असे असावे की, कॅथलिक, हिंदू, मुस्लिम वा निरीश्वरवादी विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेला नाव झाकून समान मापाने गुण देता यावेत.

या निकषावर तीन उद्दिष्टे टिकतात. पहिले आकलनाचे : ख्रिस्ती लोक काय मानतात व का मानतात हे विद्यार्थी स्वतःच्या शब्दांत, त्यांना मान्य होईल अशा रीतीने सांगतो. दुसरे तुलनेचे : आपल्या किंवा शेजाऱ्याच्या परंपरेतील समांतर व विरोधी कल्पना तो नेमकेपणाने दाखवतो, उदाहरणार्थ, ‘पाप’, ‘कर्म’ व ‘दुःख’ या संज्ञा एकमेकींचे प्रतिशब्द का होऊ शकत नाहीत हे स्पष्ट करतो. तिसरे युक्तिवादाचे : आपली भूमिका, मग ती श्रद्धेची असो, शंकेची असो वा नकाराची, तो कारणांसह मांडतो आणि विरुद्ध भूमिकेचा सर्वांत बळकट मुद्दा कोणता हेही सांगतो.

तिसरे उद्दिष्ट कॅथलिक विद्यार्थ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. धर्मग्रामातील श्रद्धाशिक्षण त्याला श्रद्धेची भाषा देते. तिचे समर्थन अन्य श्रद्धेच्या मित्रासमोर कसे करावे, हे मात्र त्याला एकजिनसी वर्गात शिकता येत नाही.

७. संभाव्य आक्षेप

या मांडणीवर पहिला आक्षेप शाळाचालकांकडून येईल. धर्माला ज्ञानाचा विषय केले की तो कोरडा होतो. पोथीपंडित तयार होतात, भक्त नव्हे. आक्षेपात तथ्य आहे. ज्ञानाने श्रद्धा निर्माण होत नाही. परंतु १९८८ च्या दस्तऐवजाने दोहोंना परस्परपूरक मानले आहे आणि श्रद्धेच्या परिपक्वतेचे स्थान समुदायात ठेवले आहे. ज्याला वर्गात शंका विचारू दिली गेली नाही, तो शंकेसह समुदायाबाहेर जातो, हेही तितकेच खरे.

दुसरा आक्षेप अल्पसंख्याक हक्कांच्या अंगाने येईल. ज्या समाजाने आपल्या मुलांची श्रद्धा जपण्यासाठी शाळा काढल्या, त्यानेच तेथील श्रद्धाशिक्षण का सोडावे? जेथे धर्मग्राम दूर आहेत किंवा पालक स्थलांतरित मजूर आहेत, तेथे शाळा हेच श्रद्धाशिक्षणाचे एकमेव स्थान असते. अशा ठिकाणी शाळेच्या वेळेबाहेर, पालकांच्या संमतीने, स्वतंत्र वर्ग घ्यावा लागेल. या लेखातील निकष त्याला विरोध करीत नाही. तो वर्ग आणि वेळापत्रकातील तासिका यांची सरमिसळ मात्र होऊ नये.

तिसरा आक्षेप अन्य धर्मीय पालकांचा आहे आणि आजच्या वातावरणात तो दुर्लक्षिता येत नाही. धर्माध्ययनाच्या नावाखाली धर्मप्रसार होईल, अशी त्यांना भीती वाटू शकते. शाळेने आपला हेतू शुद्ध असल्याचे कितीही सांगितले तरी भीती जात नाही, कारण हेतू दिसत नसतो. अभ्यासक्रम व प्रश्नपत्रिका दिसतात. त्या दोन्ही पालकांसमोर खुल्या ठेवणे आणि अनुच्छेद २८ नुसार लेखी संमती घेणे, हाच विश्वासाचा मार्ग आहे. नाव झाकून तपासता येणारी प्रश्नपत्रिका ही शाळेच्या हेतूची जाहीर साक्ष ठरते.

निकषाची एक मर्यादा मान्य करावी लागते. शाळा केवळ तासिकेतून शिकवत नाही. भिंतीवरील क्रूस, परिपाठाची प्रार्थना, नाताळचा सोहळा, धर्मभगिनींचे वागणे यांतूनही धर्म शिकवला जातो आणि त्या शिक्षणाला प्रश्नपत्रिका नसते. तासिका निःपक्षपाती केल्याने सारी शाळा निःपक्षपाती होत नाही. तशी ती व्हावी अशी कॅथलिक शाळेकडून अपेक्षाही करता येणार नाही. निदान एक तासिका अशी असावी की, जेथे या सर्व गोष्टींविषयी मोकळेपणाने विचारता येईल.

८. मराठी परंपरेतील एक दाखला

प्रश्नाला जागा देणारे धर्मशिक्षण मराठीला अपरिचित नाही. फादर थॉमस स्टीफन्स (१५४९-१६१९) हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचा आरंभच एका मागणीतून होतो. ख्रिस्ती सिद्धांताची शिकवण चांगली आहे, पण आमची पूर्वीची पुराणे आता उरली नाहीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण द्यावे, असे नवख्रिस्ती श्रोता सुचवतो. पुढेही श्रोत्यांच्या शंका आणि पाद्रीगुरूंची उत्तरे यांतून कथन पुढे सरकते. प्रश्नोत्तरांची पाठांतरवही श्रोत्याला पुरेशी वाटत नव्हती. त्याला कथा हवी होती, आपल्या भाषेत हवी होती आणि मध्येच थांबवून विचारण्याची मुभाही हवी होती.

या दाखल्याचे आदर्शीकरण करू नये. साष्टीतील तो काळ देवळांच्या विध्वंसाचा होता. श्रोत्याची जुनी पुराणे आपोआप नाहीशी झाली नव्हती, ती हिरावून घेतली गेली होती. शिवाय ग्रंथातील प्रत्येक शंकेचे उत्तर आधीच ठरलेले आहे. म्हणूनच ‘ख्रिस्तपुराण’ माध्यमिक वर्गात दुहेरी उपयोगाचे ठरते : ख्रिस्ती कथा मराठी ओवीत कशी रुजली हे ते दाखवते आणि श्रद्धा व सत्ता यांच्या संबंधाचा प्रश्नही उपस्थित करते. १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झालेला वसई धर्मप्रांत, तेथील मराठी उपासना, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आणि २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे त्यांनी भूषविलेले अध्यक्षपद, ही सामग्रीही मराठी विद्यार्थ्याच्या हाताशी आहे. ख्रिस्ती धर्माचे अध्ययन हे येथे परक्या विषयाचे अध्ययन ठरत नाही. आपल्या भाषेच्या इतिहासाचेच ते एक प्रकरण आहे.

९. निष्कर्ष

१. कॅथलिक शाळेतील धर्मशिक्षणाच्या उद्दिष्टाविषयी ख्रिस्तसभेच्या दस्तऐवजांत समर्पण व ज्ञान अशा दोन भूमिका आढळतात. १९८८ नंतर ज्ञानाच्या भूमिकेला प्राधान्य मिळाले असले तरी पहिली भूमिका मागे घेतलेली नाही.

२. कोठारी आयोगाने व सर्वोच्च न्यायालयाने धर्माचे शिक्षण आणि धर्मांचा अभ्यास यांत केलेला भेद ज्ञानाच्या भूमिकेला अनुकूल आहे.

३. कॅथलिकांना श्रद्धाशिक्षण व इतरांना मूल्यशिक्षण ही विभागणी कायद्याला धरून असली, तरी तिच्यात धर्माध्ययन कोणाच्याच वाट्याला येत नाही.

४. श्रद्धा हे ध्येय असू शकते. तासिकेचे उद्दिष्ट आकलन, तुलना व युक्तिवाद यांच्या भाषेत मांडले जावे.

५. अशा अध्यापनासाठी शिक्षकाचे स्वतंत्र प्रशिक्षण, खुला अभ्यासक्रम आणि पालकांची लेखी संमती या तीन अटी आवश्यक आहेत.

१०. समारोप

धर्माविषयी बोलणे टाळले की सलोखा टिकतो, असा समज आपल्या शिक्षणव्यवस्थेत खोल रुजला आहे. कॅथलिक शाळेने हा समज वेळापत्रकात उतरवला. दोन गट केले आणि प्रश्न मिटवला. परंतु दहा वर्षे एका शाळेत शिकूनही एकमेकांच्या श्रद्धेविषयी एकही प्रश्न न विचारलेले विद्यार्थी बाहेर पडत असतील, तर ती शांतता अज्ञानावर उभी आहे असे म्हणावे लागते. अज्ञानावर उभी राहिलेली शांतता किती टिकते, याचा अनुभव आपण गावोगावी घेत आहोत. ज्या शाळांजवळ धर्म शिकवण्याचा हक्क आहे, परंपरा आहे आणि भिन्नधर्मीय विद्यार्थ्यांचा एकत्र वर्गही आहे, त्यांनी त्या तासिकेचे दार दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना उघडले, तर त्याचा लाभ केवळ कॅथलिक समाजापुरता मर्यादित राहणार नाही.